यी चिंग तत्त्वज्ञान म्हणून वाचताना: कौल न लावता, थर न मिसळता

यी चिंग हा प्राचीन चिनी शकुनग्रंथ. तो वाचायला घेणारे दोन ठिकाणी घसरतात. पहिले नाणी उडवतात, आलेल्या आकृतीचं पान उघडतात आणि तिथल्या चार ओळी स्वतःच्या बदलीला, लग्नाला नाहीतर पोटदुखीला चिकटवतात. दुसऱ्यांना याची लाज वाटते. ते शकुनाचा सगळा भाग गाळून टाकतात आणि ‘बदल हाच शाश्वत’ छापाची सुभाषितं गोळा करत बसतात. पहिल्यांचं राशीभविष्य होतं, दुसऱ्यांची दिनदर्शिका. दोघांची चूक मात्र एकच आहे. हजारो वर्षांत साचलेले वेगवेगळे थर ते एकाच माणसाचं बोलणं समजून वाचतात.

हा ग्रंथ शकुनाचा आहे हे मान्य करूनच त्यात विचार कुठे सुरू होतो ते शोधायचं आहे. खालच्या टप्प्यांचा क्रम बदलू नका. क्रम बदलला की काय बिघडतं ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे.

तयारी: पुस्तकं, वही आणि एक नियम

किमान दोन अनुवाद लागतील. एकाच अनुवादावर वाचलं तर आपण अनुवादकाचं तत्त्वज्ञान वाचतो आणि ते आपल्याला कळतही नाही.

पहिला जेम्स लेग यांचा, १८८२ चा. मॅक्स म्युलर यांनी संपादित केलेल्या पौर्वात्य धर्मग्रंथांच्या मालेतला हा सोळावा खंड. उपनिषदांचे पहिला आणि पंधरावा हे खंड ज्या मालेत आहेत तीच ही माला. दिल्लीच्या मोतीलाल बनारसीदास यांनी तिचं पुनर्मुद्रण केलं असल्यामुळे जुन्या ग्रंथालयांत विचारून पाहायला हरकत नाही. शिवाय चायनीज टेक्स्ट प्रोजेक्ट या संकेतस्थळावर मूळ चिनी पाठ आणि लेग यांचा अनुवाद समोरासमोर मिळतो. लेग यांची भाषा कोरडी आहे, पण मूळ मजकूर आणि नंतरची परिशिष्टं त्यांनी वेगळी छापली आहेत. आपल्या कामाला नेमकं हेच हवं.

दुसरा रिचर्ड विल्हेल्म यांचा. चीनमधल्या छिंगदाओ इथे लाओ नायश्वान या विद्वानाजवळ बसून त्यांनी तो जर्मनमध्ये केला, १९२४ साली छापला आणि १९५० साली कॅरी बेन्स यांच्या इंग्रजीतून तो जगभर गेला. वाचायला हाच सर्वांत गोड आणि सर्वांत जास्त गोंधळ करणाराही हाच. त्याबद्दल पुढे.

जमल्यास तिसरा, रिचर्ड जॉन लिन यांचा १९९४ चा. वांग बी या तिसऱ्या शतकातल्या भाष्यकाराला मूळ मजकूर जसा समजला, तसा तो इथे वाचायला मिळतो. हा सहाव्या टप्प्यापर्यंत मिळाला तरी चालेल.

वहीच्या पानावर चार रकाने आखा: वाक्य, थर, निर्णयाचा शब्द, कारण. चौथा रकाना सुरुवातीला बराच काळ रिकामा राहील. राहू द्या.

आता नियम. सहा रेषांच्या आकृतीला मी ‘षट्क’ म्हणतो आणि तीन रेषांच्या आकृतीला ‘त्रिक’. षट्कं एकूण ६४. वहीत षट्क नेहमी क्रमांकाने लिहा, नावाने कधीच नाही. आठवं आणि बाविसावं, दोन्ही ‘बी’. दहावं आणि छप्पन्नावं, दोन्ही ‘ल्यू’. सत्ताविसावं आणि बेचाळिसावं, दोन्ही ‘यी’. चिनीत त्यांची अक्षरं वेगळी आहेत, उच्चारातले सूर काही ठिकाणी वेगळे आहेत. देवनागरीत सगळं सपाट होतं. त्यात लेग यांची रोमन लिपी एक, विल्हेल्म यांची दुसरी आणि आजची तिसरी. नावांवर टिपणं काढलीत तर महिन्याभराने स्वतःचीच वही तुम्हाला कळणार नाही.

इशारा: १९५० च्या इंग्रजी आवृत्तीला मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांची प्रस्तावना आहे. ती आत्ता वाचू नका. ती युंग यांच्या विचारांबद्दल बरंच सांगते, पण तिच्यातून पुस्तकात शिरलात तर प्रत्येक ओळीत स्वतःचं मन दिसायला लागतं.

टप्पा १: थर वेगळे करा

सगळ्यात खालचा थर म्हणजे ‘चौ यी’. पश्चिम चौ राजवटीच्या काळातला, साधारण इ.स.पू. नवव्या शतकाच्या आसपासचा. त्यात प्रत्येक षट्काची आकृती, नाव, एक छोटं षट्कवाक्य आणि सहा रेषांची सहा वाक्यं. म्हणजे ३८४ रेषावाक्यं, वर पहिल्या आणि दुसऱ्या षट्काला एकेक जादा. बस्स. हा थर तुटक आहे, खडबडीत आहे. त्यात कोल्हा शेपूट भिजवतो, गाडीची चाकं निखळतात, कुणी विहीर साफ करतं. सिद्धांत असा त्यात कुठेच नाही.

वरचा थर म्हणजे ‘दहा पंख’. युद्धमान राज्यांच्या काळात आणि हान राजवटीच्या आरंभी तयार झालेली सात लेखनं. त्यांतल्या तिघांचे दोन-दोन भाग केल्याने दहा. परंपरेने ती कन्फ्यूशियसच्या नावावर आहेत. अकराव्या शतकातच औयांग श्यू या विद्वानाने त्यावर शंका घेतली होती. आपण ज्याला यी चिंगचं तत्त्वज्ञान म्हणतो ते बहुतांशी या पंखांत आहे. इ.स.पू. १३६ मध्ये हान सम्राट वू यांच्या दरबारात पाच अभिजात ग्रंथांना मान्यता मिळाली, तेव्हा हे दोन थर एकत्रच ‘ग्रंथ’ मानले गेले.

तिसरा थर भाष्यकारांचा: वांग बी (२२६–२४९), छंग यी (१०३३–११०७), चू शी (११३०–१२००). चौथा थर तुमच्या हातातल्या अनुवादकाचा.

मराठी वाचकाला ही रचना परकी वाटू नये. सूत्र, त्यावर भाष्य, भाष्यावर टीका हे आपल्या ओळखीचं आहे. ज्ञानेश्वरीतली ओवी गीतेचा श्लोक म्हणून कुणी सांगितली तर आपण लगेच थांबवतो. इथेही तसंच थांबायचं.

आता विल्हेल्म यांच्याकडे वळू. त्यांच्या पहिल्या भागात प्रत्येक षट्काखाली ‘निर्णय’, ‘प्रतिमा’ आणि ‘रेषा’ अशी तीन शीर्षकं एकाखाली एक येतात. निर्णय आणि रेषा खालच्या थरातल्या. मधली ‘प्रतिमा’ मात्र पंखांपैकी एकातून उचललेली, काही शतकं नंतरची. खाली जोडलेलं स्पष्टीकरण स्वतः विल्हेल्म यांचं. एकाच पानावर तीन काळ, आणि शांतपणे एकाच सुरात छापलेले! आमच्या वाचनगटात पहिले दोन महिने यातच गेले. कुणीतरी सुंदर वाक्य वाचून दाखवायचं, चर्चा रंगायची आणि शेवटी कळायचं की ते वाक्य १९२४ सालचं आहे.

तीन रंगांच्या पेन्सिली घ्या. पहिल्या षट्काचं विल्हेल्म यांचं पान रंगवा. मग लेग यांच्याशी ताडून पाहा.

तपासणी: ‘उदात्त माणूस यावरून असं करतो’ असं वाक्य आलं की ते जवळपास नेहमी ‘मोठ्या प्रतिमे’चं, म्हणजे वरच्या थरातलं असतं. पहिल्या षट्कातलं ‘आकाशाची गती सशक्त, उदात्त माणूस त्यावरून स्वतःला अखंड बळकट करतो’ हे तसंच. (बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठाचं ब्रीद याच वाक्यातून आणि दुसऱ्या षट्काच्या प्रतिमेतून घेतलं आहे.) हे वाक्य खालच्या थराच्या रंगात रंगवलं असेल तर पुन्हा पहिल्यापासून.

टप्पा २: निर्णयाचे शब्द आधी, प्रतिमा नंतर

नवा वाचक ड्रॅगन, कोल्हा, पिवळी वस्त्रं यांच्या मागे धावतो. ते सोडा. आधी वाक्याच्या शेवटचा कोरडा शब्द पाहा: शुभ, अशुभ, पश्चात्ताप, खंत, धोका, दोष नाही. हे शब्द मोजके आहेत आणि पुन्हा पुन्हा येतात. विचाराचा सांगाडा त्यांच्यात आहे.

यातला ‘दोष नाही’ मला सर्वांत मोलाचा वाटतो. शुभ-अशुभ हे घडण्याबद्दल आहे. ‘दोष नाही’ वागण्याबद्दल. पंखांतल्या ‘शी त्स’ या मोठ्या टीकेत याचा अर्थ दिला आहे: दोष नाही म्हणजे चूक दुरुस्त करण्यात कुशल असणं. चूक न करणारा असा अर्थ नाही. ‘धोका, पण दोष नाही’ हे वाक्य भेटलं की थांबा. परिस्थिती वाईट असूनही माणूस योग्य असू शकतो, ही दोन मापं वेगळी आहेत, हे त्या चार शब्दांत मावलेलं आहे.

दुसरा शब्द ‘चन’. पहिल्या षट्काचं वाक्य चारच अक्षरांचं: युआन, हंग, ली, चन. कौलासाठी वापरलेल्या जुन्या हाडांवरच्या लेखांत ‘चन’ म्हणजे कौल लावणं. त्या अर्थाने हे वाक्य ‘मोठा नैवेद्य स्वीकारला जातो; कौल लावायला अनुकूल’ असं काहीतरी होतं. पंखांच्या काळापर्यंत मात्र ते चार सद्गुण झाले आणि ‘चन’ झाला दृढ सचोटी. तुमचा अनुवाद यापैकी कोणता अर्थ घेतो ते आत्ताच पाहून ठेवा.

हा अर्थ बदलताना दिसतो अशी एक जागा आहे. ‘त्सो च्वान’ या इतिहासग्रंथात इ.स.पू. ५६४ च्या नोंदीत लू राज्यातल्या मू च्यांग या राजस्त्रीची गोष्ट येते. कारस्थानात सापडल्यामुळे तिला पूर्वेच्या वाड्यात ठेवलं होतं. तिथे जाताना कौल लावला तर सतरावं षट्क हाती आलं. दरबारी म्हणाला, या षट्काचा अर्थ बाहेर पडणं, तुम्ही लवकर सुटाल. ती म्हणाली, नाही. त्यात युआन, हंग, ली, चन हे शब्द आहेत. हे चार गुण ज्याच्याकडे आहेत त्याला ते षट्क दोषमुक्त ठेवील. माझ्याकडे त्यांतला एकही नाही. मी इथेच मरणार. आणि ती तिथेच मेली.

तिने शकुन खोटा ठरवला नाही. त्याला एक अट जोडली: शुभवाक्य ज्याच्याबद्दल आहे तो माणूस मी आहे का? चौथ्या रकान्यात लिहायला सुरुवात करायची असेल तर इथून करा.

इशारा: ‘फू’ या शब्दाचं भाषांतर बहुतेक अनुवादांत ‘प्रामाणिकपणा’ असं येतं. मूळ थरात तो युद्धकैदी या अर्थाने असावा असं अनेक आधुनिक अभ्यासक मानतात. एकाच शब्दावर नीतिशास्त्र उभं करण्याआधी दुसरा अनुवाद उघडा.

टप्पा ३: आकृती हाताने काढा

वाचून भागत नाही, काढावीच लागते. रेषा खालून वर मोजतात. पहिली रेषा तळाची, सहावी माथ्याची. वरून मोजणं ही सर्वांत साधी आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण मग गोष्टीचा शेवट आधी वाचला जातो.

अखंड रेषा यांग, तुटलेली यिन. विषम जागा (१, ३, ५) यांगच्या, सम जागा (२, ४, ६) यिनच्या. आपल्या जागी असलेली रेषा ‘योग्य’. खालच्या आणि वरच्या त्रिकांचं मध्य म्हणजे दुसरी आणि पाचवी रेषा. पहिली-चौथी, दुसरी-पाचवी, तिसरी-सहावी या जोड्या एकमेकींना प्रतिसाद देतात. एक यिन आणि एक यांग असेल तर प्रतिसाद जुळतो. एवढं व्याकरण पुरे. हे व्याकरणही पंखांनी दिलेलं आहे, खालच्या थरात ते कुठे लिहिलेलं नाही. वहीत तशी नोंद करा.

आठ त्रिकं पाठ करा: आकाश, पृथ्वी, मेघगर्जना, पाणी, पर्वत, वारा, अग्नी, सरोवर. मग अकरावं षट्क काढा. पृथ्वी वर, आकाश खाली. उलटं वाटतं ना? नाव आहे ‘थाय’, शांती, सुरळीत व्यवहार. बारावं काढा. आकाश वर, पृथ्वी खाली, सगळं जागच्या जागी. नाव ‘फी’, कोंडी. कारण सांगितलं जातं ते असं: आकाशाचा ओढा वर, पृथ्वीचा खाली. अकराव्यात दोघं एकमेकांकडे येतात, बाराव्यात एकमेकांपासून दूर जातात. म्हणजे व्यवस्था म्हणजे जो तो आपल्या पायरीवर असणं नव्हे, तर दोघांत येणं-जाणं असणं. हे शब्दांत वाचलं तर सुभाषित वाटतं. हाताने काढल्यावर ते युक्तिवाद म्हणून दिसतं.

तपासणी: त्रेसष्टावं षट्क न पाहता काढा. अग्नी खाली, पाणी वर. सहाही रेषा योग्य जागी असायला हव्यात. ६४ पैकी असं एकच षट्क आहे. आता त्याचं वाक्य वाचा: आरंभी शुभ, शेवटी गोंधळ. मग चौसष्टावं काढा. सगळ्या रेषा चुकीच्या जागी, तरी वाक्यात यश आहे आणि शेपूट भिजवणारं कोल्ह्याचं पिल्लूही. पंखांतली टीका म्हणते, जागा चुकल्या तरी कठीण आणि मृदू एकमेकांना प्रतिसाद देतात. ‘योग्य जागा म्हणजे शुभ’ असं सूत्र तुम्ही मनात तयार केलं असेल तर ते इथे मोडलं पाहिजे. मोडलं नसेल तर आकृती पुन्हा काढा.

इशारा: या टप्प्यावर कुणीतरी नक्की सांगेल की यी चिंगमध्ये संगणकाची द्विमान गणना आहे. जर्मन गणितज्ञ लायब्निझ यांनी १७०३ साली हा संबंध जोडला खरा. पण ती गणना त्यांनी आधीच स्वतंत्रपणे मांडली होती, आणि त्यांना पाठवलेली मांडणी ग्रंथाची नव्हती, सोंग काळातल्या, म्हणजे अकराव्या शतकातल्या शाओ योंग यांच्या क्रमाची होती. ग्रंथाच्या स्वतःच्या क्रमात तसा अंकक्रम नाही. बादरायण संबंध म्हणून नोंद करा आणि पुढे चला.

टप्पा ४: एक षट्क, एक आठवडा

रोज एक षट्क वाचून दोन महिन्यांत ग्रंथ संपवण्याचा बेत मोडून टाका. पहिल्या षट्कालाच पूर्ण आठवडा द्या. एक दिवस एक रेषा, खालून वर, सातव्या दिवशी जादा वाक्य. रोज फक्त मूळ थर वाचायचा आणि एकच प्रश्न विचारायचा: ड्रॅगन तोच असेल, तर सल्ला का बदलला?

हा ड्रॅगन आग ओकणारा राक्षस नव्हे. चिनी कल्पनेतला तो पाण्याचा, पावसाचा प्राणी. आकाशातल्या ऋतूनुसार उगवणाऱ्या तारकासमूहाचं हे वर्णन असावं असंही काही आधुनिक अभ्यासक म्हणतात, आणि ते पटण्याजोगं आहे.

पहिली रेषा: लपलेला ड्रॅगन, कृती करू नये. दुसरी: शेतात दिसलेला ड्रॅगन, थोर माणसाला भेटणं हिताचं. तिसऱ्या रेषेत ड्रॅगनच नाही! तिथे माणूस आहे. दिवसभर राबणारा, रात्रीही सावध. धोका, दोष नाही. चौथी: कदाचित झेप, डोहात; दोष नाही. पाचवी: आकाशात उडणारा ड्रॅगन. सहावी: अतिउंच गेलेला ड्रॅगन, पश्चात्ताप.

घाई करणारा यातून ‘गर्वाचं घर खाली’ एवढं काढतो. थोडं थांबा. चौथ्या रेषेतला ‘कदाचित’ पाहा. ग्रंथ तिथे सल्ला देतच नाही. झेप घेतलीस तरी दोष नाही, नाही घेतलीस तरी नाही. खालच्या त्रिकातून वरच्या त्रिकात जाण्याची ती जागा आहे, आणि निर्णय माणसावर सोडला आहे. तिसऱ्या रेषेत प्राणी जाऊन माणूस का आला, हे आमच्या गटात अजून मिटलेलं नाही. माझं मत असं की धोका सांगताना रूपक पुरेना, थेट वागणूकच सांगावी लागली. तुमचं वेगळं असू शकेल, पण कारण लिहा.

सातव्या दिवसाचं वाक्य: ड्रॅगनांचा थवा, त्यांना डोकं नाही, शुभ. सहा दिवस आपण एका ड्रॅगनाची चढण समजत होतो आणि शेवटी ते अनेक निघतात, कुणीच पुढारी नसलेले. हे वाक्य मागच्या सहांना काय करतं, यावर अर्धं पान लिहा.

आठवडा संपल्यावरच ‘वन्यान’ हा पंख उघडा. फक्त पहिल्या दोन षट्कांनाच तो मिळाला आहे. त्यात लपलेला ड्रॅगन म्हणजे जगासाठी न बदलणारा, नाव न झालं तरी न खंतावणारा माणूस; आणि अतिउंच ड्रॅगन म्हणजे पुढे जाणं जाणणारा पण मागे फिरणं न जाणणारा. आता तुमच्या टिपणांशी ताडा. पंखांनी काय जोडलं, काय गाळलं? हा फरक म्हणजेच शकुनाच्या मजकुरातून तत्त्वज्ञान घडताना पाहणं. पंख आधी वाचले असते तर हा फरक कधीच दिसला नसता.

तपासणी: वांग बी म्हणतात, षट्क म्हणजे एक काळ आणि रेषा म्हणजे त्या काळाशी जुळवून घेणारे बदल. तुमच्या आठवड्याच्या टिपणात ‘कोणत्या वेळी’ हा प्रश्न एकदाही आला नसेल, तर तुम्ही सहा वेगळी भाकितं वाचली आहेत.

टप्पा ५: जोडीने वाचा

६४ षट्कं म्हणजे ३२ जोड्या. त्यांतल्या २८ जोड्यांत एक आकृती उलटी धरली की दुसरी मिळते. उरलेल्या चार जोड्यांत (१-२, २७-२८, २९-३०, ६१-६२) उलटून काही बदलत नाही, म्हणून तिथे प्रत्येक रेषा पालटते. पहिलं झालं की दुसरं, मग थेट ११-१२, २३-२४. मधली षट्कं नंतर. इथे फार रेंगाळू नका. जोडीचा कोणता शब्द दोन्हीकडे आहे एवढं नोंदवा.

टप्पा ६: एक वाद मुळापर्यंत न्या

चोविसावं षट्क, ‘फू’, परतणं. (दुसऱ्या टप्प्यातला ‘फू’ वेगळा, क्रमांक का लिहायचे ते कळलं असेलच.) पाच तुटक्या रेषांच्या तळाशी एकच अखंड. पृथ्वीखाली मेघगर्जना. पंखांपैकी ‘थ्वान’, म्हणजे षट्कवाक्यांवरची टीका, इथे म्हणतो: परतण्यात आकाश-पृथ्वीचं हृदय दिसतं, नाही का?

वांग बी म्हणतात, परतणं म्हणजे मुळाकडे जाणं, आणि मूळ म्हणजे निःशब्द शांतता. त्यांच्या बाजूने मोठ्या प्रतिमेचं वाक्य आहे: प्राचीन राजे अयनदिनी नाके बंद करत, व्यापारी प्रवास करत नसत. आठशे वर्षांनी छंग यी नेमकं उलट म्हणतात. पूर्वीच्या सगळ्या विद्वानांनी शांततेत आकाश-पृथ्वीचं हृदय पाहिलं. हालचालीचा आरंभ हेच ते हृदय, हे त्यांना कळलं नाही.

एक वाक्य, दोन जगं. एकासाठी हालचाल ही शांततेवरचा तरंग, दुसऱ्यासाठी जन्म देत राहणं हाच जगाचा स्वभाव. वहीचं पान मधोमध आखा. डावीकडे वांग बींना आधार देणारे शब्द, उजवीकडे छंग यींना. प्रत्येक आधारापुढे थर लिहा. तळाची एकटी रेषा आणि गर्जना कोणत्या बाजूला जाईल? बंद नाके कोणत्या बाजूला? मला छंग यी आकृतीला अधिक धरून वाटतात. पण वयाच्या तेविसाव्या वर्षी वारलेल्या वांग बींचं वाचन अधिक सुंदर आहे, हे कबूल करावं लागतं. वांग बींसाठी लिन, छंग यींसाठी एल. मायकेल हॅरिंग्टन यांचा २०१९ चा अनुवाद आणि चू शींसाठी जोसेफ अ‍ॅडलर यांचा २०२० चा, असं वाचता येतं.

इशारा: भाष्यकारांपैकी ‘बरोबर कोण’ हे ठरवण्यासाठी तिसऱ्या भाष्यकाराकडे धावू नका. आधी आकृती.

टप्पा ७: शकुनाचाच प्रश्न घ्या

आता मागे ठेवलेला विषय. इ.स.पू. तिसऱ्या शतकातले कन्फ्यूशियसपंथी तत्त्वज्ञ श्युनझी यांचं वाक्य आहे: जो यीमध्ये निपुण, तो कौल लावत नाही. चीनमधल्या मावांगत्वे इथे १९७३ साली सापडलेल्या रेशमी हस्तलिखितांत कन्फ्यूशियसच्या तोंडी असं आहे की मांत्रिकांचा आणि माझा रस्ता एकच, पोहोचण्याची जागा वेगळी. उलट चू शी, एवढे मोठे तत्त्वज्ञ, ठासून सांगतात की हा ग्रंथ कौलासाठीच झाला आणि ते विसरून वाचणारे चुकतात. म्हणजे ‘तत्त्वज्ञान की शकुन’ हा वादही तत्त्वज्ञांचाच आहे.

यासाठी त्सो च्वानमधली इ.स.पू. ५३० ची नोंद घ्या. लू राज्यातला नान ख्वाय बंडाच्या तयारीत होता. कौलात दुसऱ्या षट्काची पाचवी रेषा आली: पिवळं वस्त्र, परम शुभ. तो खूश. त्सूफू ह्वेबो हा दरबारी त्याला म्हणाला, काम निष्ठेचं असेल तर ठीक, नसेल तर बुडेल. यी धोक्याच्या उद्योगांसाठी विचारायचा नसतो. बंड फसलं. मू च्यांगच्या गोष्टीशेजारी ही ठेवा आणि दोन्हींत निर्णय कशावर फिरतो ते एका वाक्यात लिहा.

नाणी उडवावीत का, हे मला प्रत्येक वेळी विचारलं जातं. सहा महिने नको. नंतर वाचनासाठी षट्क निवडायला म्हणून उडवा हवी तर. एकदाच. चौथ्या षट्काचं वाक्यच आहे: पहिल्यांदा विचारलंस, सांगितलं, दुसऱ्या-तिसऱ्यांदा विचारणं म्हणजे गढूळ करणं, गढूळ केलंस तर सांगणार नाही. देवळात पाकळी उजवी पडेपर्यंत पुन्हा पुन्हा कौल मागणारा माणूस कोकणात आणि गोव्यात प्रत्येकाने पाहिलेला असतो.

टप्पा ८: मोठी टीका सगळ्यात शेवटी

‘शी त्स’ ही मोठी टीका म्हणजे पंखांतला सर्वांत तात्त्विक भाग, आणि म्हणूनच बहुतेक जण तिथून सुरुवात करतात. आधी कळस मग पाया. ‘एक यिन, एक यांग, याला ताओ (मार्ग) म्हणतात’, ‘जन्माला जन्म देत राहणं म्हणजे यी’, ‘लेखनात बोलणं संपत नाही, बोलण्यात आशय संपत नाही’ ही वाक्यं आकृत्यांचा अनुभव नसताना वाचली की हवेत तरंगतात. आता वाचा, रोज एक परिच्छेद, आणि प्रत्येकाला निदान एका षट्काचा क्रमांक जोडा. जोडता आला नाही तर तो परिच्छेद अजून कळलेला नाही.

मराठी वाचकाची खास घसरण इथे होते: यिन-यांग म्हणजे प्रकृती-पुरुष. नाही. सांख्यांचा पुरुष निष्क्रिय साक्षी आहे, हालचाल सगळी प्रकृतीची. यी चिंगमध्ये यांग पुढाकार घेतो, यिन ग्रहण करते आणि दोघं एकमेकांत पालटतात. पुरुष कधी प्रकृती होत नाही. ताओ म्हणजे ब्रह्म हेही असंच घाईचं. तुलना जरूर करा, पण फरकांची यादी आधी करून. आणि हे लक्षात असू द्या की खालच्या थरात ‘यांग’ हा शब्दच नाही. ‘यिन’ एकदाच येतो, एकसष्टाव्या षट्काच्या दुसऱ्या रेषेत: सावलीत साद घालणारा क्रौंच, आणि त्याला उत्तर देणारं पिल्लू. तिथे यिन म्हणजे नुसती सावली.

टप्पा ९: एक पान लिहा

विषय मोठा घेऊ नका. ‘यी चिंगमधील काळाची संकल्पना’ नको. ‘पंधराव्या षट्कात नम्रता म्हणजे कमीपणा घेणं की समान वाटणी?’ एवढं पुरे. तिथे पृथ्वीखाली पर्वत आहे, सहाही रेषांत अशुभ म्हणून काही नाही, आणि मोठी प्रतिमा म्हणते की उदात्त माणूस जास्त आहे तिथून काढतो, कमी आहे तिथे घालतो, तोलून समान देतो. विधान, तीन आधार, प्रत्येकाचा थर, एक विरोधी आधार. चारशे शब्द.

मग ते पान यी चिंग कधीच न वाचलेल्या माणसाला द्या. तो ‘हे माझ्या बाबतीत किती खरं आहे!’ म्हणाला, तर तुम्ही भविष्य लिहिलं आहे, पान फाडा. ‘पण पर्वत जमिनीखाली कसा असेल?’ असं विचारलं, तर वही घ्या आणि त्याच्यासमोर पंधरावं षट्क काढायला लागा. तळाच्या रेषेपासून.